कापलेल्या सतरा ओळी

राष्ट्रीय कलासमीक्षा सन्मान मिळाल्याचं कळलं तेव्हा टाचणीबाई घाबरल्या नव्हत्या. सन्मान समितीच्या सचिवांचा फोन सकाळी आला. बाईंनी तो ओट्यापाशी उभं राहून घेतला, ठेवला, आणि गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत तिथेच हसत उभ्या राहिल्या. घाबरायचं काम दुपारी सुरू झालं.

'टाचणी' हे त्यांच्या सदराचं नाव. गेली एकतीस वर्षं दर गुरुवारी हे सदर छापून येत होतं आणि चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले अशा सगळ्यांना टोचत होतं. बाईंचं खरं नाव आता बँकेतल्या कारकुनालाच ठाऊक असावं. प्रदर्शनाच्या दारात त्या दिसल्या की आत कुजबुज व्हायची, "बाई आल्या," आणि चांगले दाढीमिशीवाले कलावंत खांबामागे सरकायचे. बाईंचा नवरा दंतवैद्य होता. तो म्हणायचा, "आम्ही दोघंही माणसांना दुखवूनच पोट भरतो. मी निदान भूल देऊन दुखवतो." यावर बाईच सगळ्यात मोठ्याने हसायच्या. कुणाला न घाबरणारी बाई, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना मनापासून आवडायची.

दुपारी सचिवांचा पुन्हा फोन आला.

"बाई, सकाळी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे पद्धत आहे, आधी वाचन, मग सन्मान. विजेत्याने स्वतःचा एक लेख व्यासपीठावरून पूर्ण वाचायचा. लेख समिती निवडते. तुमच्या बाबतीत एकमत झालं, वादच नाही. तुमचा तो पहिला गाजलेला लेख, 'प्रदर्शनाने माती खाल्ली'. पुस्तिका छापायलासुद्धा गेली."

"दुसरा एखादा घेतला तर?" बाई म्हणाल्या. "तो फार जुना आहे हो. मी चांगले पाच-सहा सुचवते."

"छे छे! मानपत्रच त्या लेखावर बेतलंय. 'आपला एकही शब्द कधी मागे न घेणाऱ्या समीक्षक', असं लिहिलंय. काय सुंदर लेख आहे हो! नुसता सुरा!"

बाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. चारच्या सुमारास तिसरा फोन वाजला.

"बाई, मी कात्रीमास्तर. ओळखलंत का? अभिनंदन. तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय, एकतीस वर्षं झाली. म्हटलं, समारंभाला येतो, तेव्हा देतो."

"या ना, या," बाई म्हणाल्या. आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कुणाचा, हे त्यांना कळेना. पलीकडच्या माणसाने फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्या "या, या" म्हणत होत्या.

आता ही एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर बाई एवढ्या कशाने घाबरल्या ते समजायचं नाही.

बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि वर्तमानपत्रात नवख्या होत्या. पहिल्याच दिवशी संपादकांनी त्यांना सांगितलं होतं, "महत्त्वाचं असेल ते वर लिहायचं. आयत्या वेळी जाहिरात आली की लेख खालून कापला जातो. मधे कापायला कुणाला वेळ नसतो." त्या काळी मजकुराच्या छापलेल्या लांब पट्ट्या निघायच्या. त्या मोठ्या कागदावर डिंकाने चिकटवून पान तयार व्हायचं. हे काम कात्रीमास्तरांचं. नेमाने लागणारा डिंक, नेमाने हरवणारी पट्टी आणि कानावर पेन्सिल अडकवावी तशी बोटात कायम अडकलेली कात्री. पट्टी पानात मावली नाही की मास्तर खालचा भाग कापायचे आणि टोपलीत टाकायचे.

एका नव्या शिल्पकार मुलीचं प्रदर्शन भरलं होतं. भाजलेल्या मातीची माणसाएवढी अकरा शिल्पं. बाईंनी लेख लिहिला आणि पहिल्या दहा शिल्पांना धू धू धुतलं. मग शेवटच्या परिच्छेदात लेख उलटा फिरवला. अकरावं शिल्प पाहून आपण थक्क झालो, असं त्यांनी लिहिलं. मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण वाचक दचकला पाहिजे. संपादकांचा सल्ला त्यांना आठवत होता. पण आपला शेवट इतका झकास जमलाय, त्याला कोण कात्री लावेल, असं त्यांना वाटलं. नव्या लेखकाला असं वाटतंच.

बुधवारी संध्याकाळी गाद्या बनवणाऱ्या एका कारखान्याची जाहिरात आली आणि खालच्या सतरा ओळी गेल्या. मथळा मास्तरांनीच दिला, 'प्रदर्शनाने माती खाल्ली'. गुरुवारी लेख छापून आला तेव्हा त्यात नुसता सुरा उरला होता.

बाई गुरुवारभर रडल्या. शुक्रवारी भांडायच्या तयारीने कचेरीत गेल्या, तर संपादकांनी आत बोलावून चहा पाजला. वाचकांचे फोन येत होते. "असं निर्भीडपणे कुणी लिहितं का हो हल्ली!" संपादक म्हणाले, "तुला कायमचं सदर देतोय. नाव सुचलंय, 'टाचणी'." बाहेर जिन्यात कात्रीमास्तर भेटले. म्हणाले, "बाई, जरा कापावं लागलं हो." आणि बाई म्हणाल्या, "चालायचंच."

एवढा एक शब्द. पुढच्या गुरुवारी त्यांना वाटलं, पहिल्याच सदरात माघार कशी घ्यायची? त्याच्या पुढच्या गुरुवारी वाटलं, आता लोक विसरलेही असतील. वर्षभरात त्या शिल्पकाराचं नाव कुठे ऐकू येईनासं झालं, आणि मग लिहायचं कारणच उरलं नाही. नवऱ्यालाही बाईंनी हे कधी सांगितलं नाही.

चोराच्या मनात चांदणं, तशी बाईंची गत झाली. समारंभाला आठ दिवस होते. जेवणावरची वासना उडाली. दारावरची घंटा वाजली की त्या स्वयंपाकघरात पळायच्या. मास्तरांकडे राहिलेली वस्तू म्हणजे ती कापलेली पट्टीच, दुसरं काय! मास्तर भर सभेत उठून ती फडकवणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. "या बाईंनी एकतीस वर्षं खोट्यावर नाव कमावलं," असं ते म्हणणार, सभागृह ओरडणार, आणि नवरा खाली मान घालून बसणार. नवऱ्याने जीभ पाहिली, नाडी पाहिली. "दातांचं काही नाही. बाकीचं मला कळत नाही," असं म्हणून तो दवाखान्यात गेला. चौथ्या दिवशी बाईंनी मास्तरांचा पत्ता काढला आणि उठून त्यांच्या घरी गेल्या. भीक मागायची तर निदान चार भिंतींच्या आत मागावी.

दार सुनेने उघडलं. मास्तर खिडकीपाशी बसले होते. ऐंशीच्या पुढचे, वाळून काटकी झालेले. बाईंना पाहताच ते उठायला गेले आणि त्यांच्या हातातला चहाचा कप बशीत खडखडला. बाईंना वाटलं होतं, आपणच तेवढे थरथरतोय.

"बसा, बसा मास्तर."

"तुम्ही येणार असं वाटलंच होतं," मास्तर म्हणाले. "रागवायला आलात ना? रागवा. माझीच चूक आहे. एकतीस वर्षं मला तुमची भीती वाटतेय, बाई. तुम्ही 'चालायचंच' म्हणालात, पण तुमचा चेहरा पाहिला होता मी. दर गुरुवारी सदर उघडायचो ते जीव मुठीत धरून. म्हटलं, आज लिहिणार ही बाई माझ्याबद्दल."

सुनेने कपाटातून एक पाकीट आणून दिलं. आत पिवळी पडलेली पट्टी होती. तीन बोटं रुंद, जेमतेम अर्धी वीत लांब, वरच्या कडेला कात्रीचा तिरपा घाव. बाईंनी ती पर्समध्ये टाकली आणि तिची चेन ओढली. सुटले! आता जगात कुणाकडे काही पुरावा नव्हता. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी चहासुद्धा मागितला.

"तिला मात्र मी त्याच शनिवारी दाखवली होती," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"त्या शिल्पकार मुलीला. राहवेना म्हणून दालनात गेलो. ती शिल्पांभोवती गोणपाट बांधत होती. पट्टी वाचली, कागद मागितला आणि सगळी उतरवून घेतली. मी म्हटलं, माफ कर पोरी. तर हसली. म्हणाली, 'अहो, त्यात काय! त्यांनी इथे लिहिलंयच की, पुढच्या गुरुवारी सविस्तर लिहीन. मग काळजी कसली?'"

बाईंनी कप खाली ठेवला. ते शेवटचं वाक्य त्या साफ विसरून गेल्या होत्या.

"तिचं परवा पत्र आलं," मास्तर पुढे म्हणाले. "समारंभाची बातमी वाचली म्हणे. येणार आहे ती."

आधी एका म्हाताऱ्याची भीती होती. आता निराळीच भीती मानगुटीला बसली, कारण बाईंनी त्या शिल्पकाराला कधी पाहिलेलंच नव्हतं. कलावंताला भेटायचं नाही, ओळख काढायची नाही, नाहीतर लिहिताना हात जड होतो, हा त्यांचा नियम. त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. आता त्या नियमाने असा सूड उगवला की समारंभाच्या दिवशी सभागृहात शिरताच साठीच्या आसपासची प्रत्येक बाई त्यांना तीच वाटायला लागली. दारात फुलं देणारी. पाण्याचा पेला आणून ठेवणारी. तिसऱ्या रांगेतली, चष्मा पुसणारी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बाईंच्या पाठी तर सभागृहभर ब्रह्मराक्षस बसले होते.

अकराच्या समारंभाला दहा मिनिटं असताना त्या स्वच्छतागृहात गेल्या. पट्टी बाहेर काढली. दोन तुकडे करायचे आणि पाणी सोडायचं, की संपलं. ती शिल्पकार बोलली तरी तिच्याकडे काय, स्वतःच्या हाताने उतरवलेला कागद. कोण विश्वास ठेवणार? एका बाजूला टाचणीबाई आणि दुसऱ्या बाजूला कुणाला माहीतही नसलेली एक बाई. हा हिशेब इतका सोपा होता की बाईंना स्वतःचीच किळस आली. पट्टी फाडवेना, पण वाचायचंही धाडस होईना. कुणीतरी दार ठोठावलं आणि त्या दचकून पट्टी पर्समध्ये कोंबून बाहेर आल्या.

व्यासपीठावर टेबलावर मखमली पेटीत पितळी भिंग ठेवलं होतं. तोच सन्मान. मानपत्र वाचून झालं, 'एकही शब्द कधी मागे न घेणाऱ्या' यावर टाळ्या पडल्या, आणि अध्यक्षांनी हात केला. बाई पुस्तिका घेऊन उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत नवरा होता. त्याच्या शेजारी कात्रीमास्तर, आपल्यालाच फाशी होणार असल्यासारखे बसलेले. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

लेख अजूनही धारदार होता. 'ही शिल्पं उभी आहेत, याचं एकमेव कारण म्हणजे त्यांना बसता येत नाही,' हे वाक्य आलं आणि सभागृह खो खो हसलं. बाईंनी सवयीने हशा ओसरू दिला, वर पाहिलं, आणि पाचव्या रांगेत त्यांची नजर थांबली.

करड्या कपड्यांतली एक बाई. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. मांडीवर पुस्तिका उघडून ती ओळींवरून बोट फिरवत वाचत होती. बाईंच्या वाचनाच्या ती पुढे गेली होती. बोट शेवटच्या ओळीवर आलं. मग तिने पान उलटलं. मागचं पान कोरं होतं. तिने ते एकदा पाहिलं, पुन्हा उलटून पाहिलं, आणि पुस्तिका मिटली.

म्हणजे हीच ती. तिला वाटलं होतं, निदान आज तरी ते छापलेलं असेल.

बाईंनी कसाबसा उरलेला लेख वाचला. शेवट आला आणि टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष पेटी उचलून पुढे आले. बाईंनी हात वर केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "लेख संपलेला नाही."

पर्सची चेन अडकली. सगळ्या सभागृहाने त्यांना चेनीशी झगडताना पाहिलं. अखेर पट्टी निघाली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि वाकून वाचली.

"'एवढं सगळं लिहून झाल्यावर एक कबुली. मागच्या खोलीत जिन्याखाली अकरावं शिल्प ठेवलं आहे. एक बाई जमिनीवर बसली आहे आणि उठण्यासाठी तिने एक हात जमिनीवर टेकवला आहे. बस, एवढंच. त्या हातापुढे मी चाळीस मिनिटं उभी होते. आधीची दहा शिल्पं म्हणजे त्या हाताकडे जायची वाट आहे, हे मला तिथे कळलं. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं पुसून टाकावंसं वाटतं. पुसत नाही, कारण वाचकानेही त्याच वाटेने यावं. या शिल्पाबद्दल पुढच्या गुरुवारी सविस्तर लिहीन.'"

बाईंनी मान वर केली.

"जागा नव्हती म्हणून हे कापलं गेलं," बाई म्हणाल्या. "ती कुणाची चूक नाही. पण तो पुढचा गुरुवार मी लिहिला नाही. लोकांनी मला निर्भीड म्हटलं होतं, आणि ते काढून घेतील अशी भीती वाटली. तीच भीती घेऊन मी एकतीस वर्षं निर्भीड लिहिलं."

अध्यक्ष पेटी हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी छताकडे पाहिलं. अखेर अध्यक्ष माइकजवळ येऊन म्हणाले, "समितीला... यावर विचार करावा लागेल," आणि मखमली पेटी हळूच मिटली. लोक कुजबुजत उठायला लागले. "बाई, हे आधी सांगायचं होतंत," सचिव रडकुंडीला येऊन म्हणाले, "पाचशे पुस्तिका छापल्यात!"

नवरा व्यासपीठाच्या पायरीशी आला. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"किडका दात एकतीस वर्षं सांभाळलास," तो म्हणाला. "माझ्याच घरात! दाखवायचा तरी एकदा." आणि त्याने त्यांची पर्स आपल्या हातात घेतली.

ती शिल्पकार बाहेर व्हरांड्यात उभी होती. जवळून पाहिल्यावर तिच्या बोटांची पेरं सुजलेली दिसली.

"मी आठ गुरुवार वाट पाहिली," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात धार नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "दर गुरुवारी पहाटे फाटकापाशी जाऊन उभी राहायचे, पेपरवाला यायच्या आधी. नवव्या गुरुवारी भट्टी विकली. मग शाळेत नोकरी धरली. मुलांना मातीकाम शिकवलं. वाईट गेलं नाही आयुष्य, तसं नका समजू."

"आणि अकरावं?"

"ते आहे. घरीच. इतर दहा फोडली." ती जरा थांबली. "सविस्तर लिहीन म्हणाला होतात."

"आता? एवढ्या वर्षांनी?"

"मग काय, अजून थांबू?"

सोमवारी सकाळी बाई तिच्या घरी गेल्या. समितीचं पत्र शनिवारीच आलं होतं, सन्मान स्थगित केल्याचं. ते वाचताना वाटली नव्हती इतकी भीती आता तिच्या मागच्या खोलीत शिरताना वाटत होती. खिडकीखाली चादरीने झाकलेलं काहीतरी होतं. त्याच्यापुढे चाळीस मिनिटं उभी राहिली होती ती एक अठ्ठावीस वर्षांची पोर. आता तो हात साधाच निघाला तर? एका साध्या हातासाठी ही बाई आठ गुरुवार फाटकाशी उभी राहिली, असं निघालं तर? वाईट कामाला वाईट म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज देवाजवळ एकच मागणं होतं, ते चांगलं असू दे.

तिने बाईंचा चेहरा बघितला असावा.

"आवडलं नाही तर तसं लिहा," ती म्हणाली. "मला चालेल. पण शेवटपर्यंत छापून आणा."

तिने चादर ओढली.

खांद्यापाशी बारीक तडा गेला होता, बाकी सगळं तसंच होतं. ती बाई अजून जमिनीवर बसलेली होती, अजून उठू पाहत होती, आणि हाताची पाचही बोटं जमिनीत रुतली होती. एकतीस वर्षं ती तशीच उठायच्या बेतात होती. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग पाय दुखायला लागले, तेव्हा शिल्पाच्या समोरच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी वही काढली.

कचेरीत आता पट्ट्या नव्हत्या, डिंक नव्हता, सगळं संगणकावर होतं. पण जाहिराती अजून आयत्या वेळी यायच्या आणि लेख अजून खालूनच कापला जायचा. बाईंनी कोऱ्या पानाच्या अगदी वरच्या ओळीवर लिहिलं, 'मी चुकले होते,' आणि त्याच्या लगेच पुढे त्या शिल्पकाराचं नाव लिहिलं, जिथे कुणाची कात्री पोचत नाही.